सहावी फेक

सुनेने पाकीट पुढे केलं तेव्हा सिस्टर नातीच्या फ्रॉकला इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि पाकिटातली एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला फिल्म वाचायला डॉक्टर लागत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत कुणी घसरून पडलं की आधी त्यांच्या दारात आणायचे, मग दवाखान्यात. 'सिस्टर' हे नाव तर इतकं चिकटलं होतं की नवराही त्यांना त्याच नावाने हाक मारायचा.

"कधी काढलीस?"

"काल. अजून कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही."

"आणि तुमच्या कोचबाईंना?"

"त्यांनाही नाही. म्हटलं आधी तुम्ही बघा."

सिस्टरनी फिल्म जरा कलती केली. कोपराच्या आतल्या बाजूला दोन हाडांना धरून ठेवणारा एक पट्टा असतो. धडधाकट माणसाच्या फिल्ममध्ये तो काळ्या दोरीसारखा सलग दिसतो. इथे दोरी अर्ध्याहून जास्त उसवलेली होती. पण त्यापेक्षाही त्यांना नवल वाटत होतं ते सुनेचं. सात वर्षांच्या संसारात तिने आपणहून त्यांना काही विचारल्याचं आठवत नव्हतं. मूल दहा महिन्यांचं असताना ती पुन्हा मैदानावर जायला निघाली, तेव्हा सिस्टर दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "पोर अंगावर पितंय आणि तू भाले फेकायला चाललीस?" सून बूट घालून निघून गेली होती. मग दोन महिने घरात कामापुरतंच बोलणं. पुढे सगळं सुरळीत झालं, पण मध्ये एक पडदा राहिला तो राहिलाच.

"किती दिवस दुखतंय?"

"तीन आठवडे. करंगळीपर्यंत कळ जाते."

"आणि स्पर्धा?"

"गुरुवारी पात्रता फेरी. शनिवारी अंतिम." सून खुर्चीच्या काठावर टेकली. "उद्या सगळे जेवायला येतील तेव्हा तुम्हीच सांगा, आई. माझ्या तोंडून आलं तर मी रडेन. आणि मी रडले की तिथल्या तिथे सगळं ठरून जाईल."

सिस्टरनी फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट आपल्या कपाटात ठेवलं.

रविवारी दुपारी टेबलाभोवती पाच माणसं आणि एक उशीवर बसवलेली चार वर्षांची नात, अशी बैठक जमली. नणंद पहाटेच्या गाडीने मुद्दाम आली होती. ती एका शाळेची मुख्याध्यापिका, त्यामुळे कोण कुठे बसणार, पास कुणाकडे राहणार, टोप्या कुणी आणायच्या, हे तिने पहिल्या दहा मिनिटांत लावून टाकलं. एवढी धांदल साहजिकच होती. ज्या स्पर्धेसाठी सून पंधरा वर्षं जगभर हिंडली, ती जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच त्यांच्या शहरात भरत होती. घरातल्या कुणीही तिची मोठी फेक समोर बसून पाहिली नव्हती.

सासरे सगळ्यात जास्त रंगात होते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. भिंतीवर घड्याळं कमी आणि सुनेची कात्रणं जास्त. गिऱ्हाईक घड्याळ दुरुस्त होण्याची वाट बघत बसलं की ते डोळ्याला भिंग लावून, मान वर न करता सगळा इतिहास सांगायचे: हिचा बाप इमारतींना परांची बांधायचा, आणि ही शाळा सुटल्यावर खालून त्याला आखूड बांबू फेकून द्यायची, पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. समोरच्या शाळेतल्या व्यायामशिक्षिकेने खिडकीतून ते पाहिलं, ती खाली आली आणि बापाला म्हणाली, ही पोर मला द्या. एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा परदेशी गेली, तर विमान कंपनीने भाले भलत्याच देशात पाठवले. मग प्रतिस्पर्धी मुलीकडून भाला मागून घेतला आणि त्याच भाल्याने तिला हरवलं. तेविसाव्या वर्षी राष्ट्रीय विक्रम. तो अजून कुणाला मोडता आलेला नाही. इथपर्यंत आलं की ते भिंग काढायचे आणि गिऱ्हाइकाकडे बघायचे. पुढचा भाग सांगायचे नाहीत. पुढे खांद्याची शस्त्रक्रिया होती, आणि जागतिक स्पर्धेत दोनदा चौथा क्रमांक. चौथ्याला काही मिळत नाही.

"आज ती गोष्ट नको," सासऱ्यांनी तोंड उघडताच सिस्टर म्हणाल्या. "मला काहीतरी सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. वॉर्डात नातेवाइकांना सांगायच्या तसंच, सरळ, आवाज न चढवता, न उतरवता. सांगून झाल्यावर नातीच्या चमच्याचा ताटलीवर होणारा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

पहिला बोलला तो मुलगा. तो बस चालवायचा. दिवसभर हॉर्न आणि भांडणं ऐकून घरी मुद्दाम हळू बोलायची त्याला सवय लागली होती, आणि आता तर तो फारच हळू बोलला. "तीन आठवडे. रोज रात्री मी तुझा खांदा चोळतोय. आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही थांबवलं असतं," सून म्हणाली.

"थांबवलंच असतं. आताही थांबवतोय."

"अरे, पण घरच्या मैदानावर आहे," सासरे म्हणाले. "आजकाल इंजेक्शनं निघालीत, पट्टे निघालेत. आठवडाभर दम धरला की..."

"बाबा, तुम्हाला गिऱ्हाइकांना सांगायला गोष्टीचा शेवट हवाय," नणंद मध्येच म्हणाली. "हात तिचा जाईल."

सासऱ्यांचा चेहरा पडला. ते सिस्टरकडे वळले. "जाईल म्हणजे? किती जाईल?"

"पट्टा तुटला तर हात पुरता सरळ होणार नाही. करंगळीला मुंग्या राहतील. जड वस्तू उचलताना कोपर दगा देईल." सिस्टर क्षणभर थांबल्या. "आणि ह्या पोरीची वेणी घालायची म्हटलं तर दोन मिनिटांत हात भरून येईल."

सासऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग ते पोराच्या बाजूला गेले. "नको मग," म्हणाले. "कात्रणं भरपूर आहेत."

आता एका बाजूला तिघं झाले. सून मान खाली घालून बसली होती. नणंदेने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग शाळेत अवघड मुलीशी बोलावं तशी म्हणाली, "वहिनी, एक विचारू? दोनदा चौथी आलीस. परत चौथी आलीस तर? हात गेला आणि चौथीच राहिलीस तर?"

"तर चौथी," सून म्हणाली. "ताई, पहिल्यांदा चौथी आले तेव्हा सहावी, म्हणजे शेवटची फेक मी जपून फेकली होती. खांदा दुखत होता. डोक्यात आलं, पुढचं वर्ष आहेच की. त्या एका फेकीचं मला आजपर्यंत वाईट वाटतं. हरल्याचं नाही. जपल्याचं."

नणंदेने हातातला घास ताटात ठेवला. मग भावाला म्हणाली, "मी माझा शब्द मागे घेते."

"तुला मागे घ्यायला काय जातंय," मुलगा म्हणाला. "तू स्पर्धा संपली की गाडीत बसशील. घरात मी आहे." आणि तो आईकडे वळला. "आई, तू सांग तिला. तू तर पहिल्यापासून नकोच म्हणत होतीस."

सगळे सिस्टरकडे बघायला लागले. त्यांनाही ठाऊक होतं की त्यांच्या एका 'नको'ने हा प्रश्न मिटणार आहे. तो शब्द ओठांवर होताही. पण त्याच वेळी त्यांच्या ध्यानात आलं की ज्या गोष्टीला सात वर्षं नाही म्हणत आलो, ती आपण कधी पाहिलेलीच नाही. टीव्हीवर लागायची तेव्हा त्या स्वयंपाकघरात जायच्या.

"मला आधी बघायचंय," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी त्या मुलाच्याच बसने निघाल्या. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरल्यावर मुलाने इंजिन बंद केलं.

"आई, ती तुझं ऐकेल. माझं नाही ऐकणार."

"तुझं का नाही ऐकणार?"

"माझा आवाज कापतो. तिला कळतं की मी भ्यालोय." तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. "तू भीत नाहीस."

"तीस वर्षं पगार घेतला तो न भिण्याचाच," सिस्टर म्हणाल्या आणि दांडा धरून सावकाश खाली उतरल्या. खाली पोचल्यावरही तो दांडा सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

सरावाच्या मैदानावर सून आणि कोचबाई दोघीच होत्या. खिडकीतून बांबू उडताना पाहणारी ती हीच व्यायामशिक्षिका. आता केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा. सुनेने तिला सकाळीच सगळं सांगितलं असावं, कारण तिचे डोळे लाल होते. तिने सिस्टरना खुर्ची दिली आणि म्हणाली, "तीनच फेकायला सांगितल्यात. त्याही निम्म्या जोराने."

सून पन्नासएक पावलं मागे गेली. भाला कानाशी उचलला आणि धावत आली. आधी साधी धाव, मग भाला मागे नेऊन पाय एकमेकांना ओलांडत आडवी धाव, आणि मग डावा पाय जमिनीत असा रोवला गेला की सिस्टरना खुर्चीत हादरा जाणवल्यासारखं झालं.

आजवर त्या समजत होत्या की फेकतो तो हात. इतकी वर्षं शरीरं हाताळूनही हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. जोर टाचेतून उठला, मांडीत गेला, कमरेत वळला, पाठीतून चढला, छाती धनुष्यासारखी ताणली गेली, आणि हात? हात आपला सगळ्यात शेवटी आला, घरातल्या सगळ्यांचं जेवण झाल्यावर बसणाऱ्या बाईसारखा. आणि खालून चढत आलेलं सगळं ओझं त्या एका कोपरावर पडत होतं.

भाला गेला. गेला म्हणजे सुटताना एक बारीक थरथरता आवाज झाला आणि मग तो हवेत चालतच राहिला. खाली यायची त्याला घाईच नव्हती.

"ही निम्म्या जोराची?" सिस्टरनी विचारलं.

"निम्म्याहून कमी," कोचबाई म्हणाली.

तिसऱ्या फेकीनंतर सिस्टर उठल्या, सुनेजवळ गेल्या आणि तिचा कोपर हातात घेतला. अंगठा आतल्या बाजूला ठेवून हात हलकेच बाहेर ढकलला. सांधा उघडला. लोकांच्या हाताखाली उघडतो त्यापेक्षा जास्त. सुनेने ओठ चावला.

"एका फेकीत तुटेल, नाहीतर सहाही फेकींत टिकेल," सिस्टर म्हणाल्या. "मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. तुटला तर ह्यानंतर भाला नाही."

"ह्यानंतर तसाही नाहीच, आई. चौतिसावं चालू आहे मला."

"मग मला कशाला विचारतेस?"

"परवानगी नाही मागत." सून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली. "तुम्ही बांधून द्याल का, ते विचारतेय. संघाबरोबर फिजिओ आहे, चांगला आहे. पण तो खेळाडूचा हात बांधतो. मला वाटलं, तुम्ही माझा बांधाल."

सिस्टरनी तिचा हात सोडला नाही. वॉर्डात आयुष्य गेलं, पण तिथे माणूस यायचं ते मोडून झाल्यावर. करावं की करू नये, हे विचारायची वेळ टळून गेलेली असायची. त्यांनी मैदानाच्या टोकाला रुतलेल्या भाल्याकडे पाहिलं. तो अजून किंचित डोलत होता.

"दीड इंची पांढरी चिकटपट्टी आण," त्या म्हणाल्या. "ती तुमची रंगीबेरंगी नको. ती नुसती दिसायला असते."

घरी मुलगा दोन दिवस आईशी बोलला नाही. बुधवारी रात्रीच्या जेवणाला त्याने न बोलता मीठ पुढे केलं, तेव्हा सिस्टरना कळलं की तो वळला आहे. गुरुवारी सुनेने एकाच फेकीत पात्रता गाठली आणि लगेच हात बर्फात घातला. तिने कितीवर फेकलं ते सासऱ्यांनी दुकानातल्या फळ्यावर लिहिलं.

शनिवारी संध्याकाळी, सरावाच्या पटांगणाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या खोलीत सिस्टरनी कोपर बांधला. फिजिओ शेजारी उभा राहून बघत होता, आणि अर्ध्यावर येताच त्याने विचारलं, "ही आडवी पट्टी खालून का घेतली?" सिस्टरनी त्याला कारण सांगितलं. त्याने मान हलवली. बांधून झाल्यावर त्यांनी सुनेच्या करंगळीचं टोक दाबून रक्त फिरतंय ना ते पाहिलं. 'जपून' हा शब्द सिस्टरच्या तोंडी आला होता. त्यांनी तो गिळला.

"जा," त्या म्हणाल्या.

मैदान तुडुंब भरलं होतं. पहिली फेक अठ्ठावन्न मीटर. दुसऱ्या वेळी पाय रेघेपलीकडे गेला आणि लाल निशाण वर झालं. बारा जणींतून आठच पुढे जाणार होत्या. तिसरी साठ मीटर, आणि ती आठवी म्हणून जेमतेम आत राहिली. चौथी फेक घसरली. ती फेकल्यावर सुनेने कोपर छातीशी धरला, आणि मुलाने सिस्टरचा हात घट्ट पकडला. पाचवी एकसष्ट मीटर तीस सेंटिमीटर. आता ती पाचव्या जागी होती.

"एकच उरली," नणंद म्हणाली.

सून धावपट्टीच्या टोकाला उभी राहिली. भाल्याचं टोक वर केलं, खाली केलं. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. तिने हात वर केला, आणि काय आश्चर्य, ते हजारो लोक गप्प झाले. सिस्टरनी मनाशी ठरवलं होतं की आपण फक्त कोपराकडे बघायचं. भाल्याकडे बघायला दुनिया आहे.

ती निघाली. धाव, आडवी धाव, आणि तो डावा पाय. टाच, मांडी, कंबर, पाठ, सगळं एकामागून एक उठत गेलं, पण या वेळी निम्म्याने नाही, पूर्ण. आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. सिस्टरनी वॉर्डात माणसांच्या तोंडून निघणारे सगळे आवाज ऐकले होते. त्यांना वाटायचं, दुखण्याखेरीज माणूस असा ओरडतच नाही. हा आवाज दुखण्याचा नव्हता. दुखणं त्यात होतंच, पण तळाला कुठेतरी.

भाला सुटला आणि सिस्टरची नजर त्यांच्या नकळत वर गेली. दिव्यांच्या झोतातून तो वर चढला, माथ्यावर पोचला तेव्हा क्षणभर अगदी आडवा झाला, आणि मग लांब, उताराला लागल्यासारखा, पुढे, अजून पुढे. लोक उठून उभे राहत गेले, ज्या बाजूने भाला जाई त्या बाजूने. तीस वर्षांत पहिल्यांदाच सिस्टर दुखरी जागा सोडून दुसरीकडे बघत होत्या.

भाला रुतला. पांढरं निशाण वर झालं. त्यांना हाताची आठवण झाली, तोवर सून उजवा कोपर डाव्या हातात धरून उभी होती. पट्टीखाली हात भलत्याच कोनात लोंबत होता. पण ती हाताकडे बघत नव्हती.

फलकावर आकडा लागला: चौसष्ट मीटर सदतीस. अकरा वर्षं भिंतीवर असलेला तिचा स्वतःचा विक्रम मागे पडला होता. ती दुसरी झाली. शेवटच्या फेरीत खालच्या क्रमांकाच्या आधी फेकतात, त्यामुळे तिच्या पुढे असलेल्या चौघींची फेक अजून बाकी होती. त्यांतल्या पहिलीची फेक कमी पडली. दुसरी हिच्या पुढे गेली, आणि सून तिसरी झाली. तिसरी धावत आली तेव्हा सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. भाला उंच गेला, बराच गेला, आणि चौसष्टच्या रेघेला टेकला.

"दोन," नणंद म्हणाली. "चौसष्ट मीटर दोन. बाबा, डोळे उघडा. ती तिसरी आली."

चौथीचा काही प्रश्नच नव्हता, ती आधीच पहिली होती. सासरे बसल्या जागी रडायला लागले. मुलगा नातीला खांद्यावर घेऊन कठड्याकडे धावला.

वैद्यकीय खोलीत सिस्टरनी स्वतः कात्रीने पट्टी कापली. दोरी तुटली होती, पूर्ण. त्यांनी तसं सांगितलं. सून म्हणाली, "हो, मला आवाज आला." मुलगा बायकोच्या शेजारी बसला होता आणि तिचा डावा हात त्याने मांडीवर घेतला होता. "दुखतंय?" त्याने विचारलं. "खूप," ती म्हणाली आणि हसली. मग तोही हसला. हसता हसता त्याचा आवाज कापला, पण तो त्याने लपवला नाही.

हात झोळीत घालून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "कुठे पडला ते मला दाखव."

लोक पांगत होते. दिवे अजून चालू होते, आणि गवतावर एक माणूस दोरी गुंडाळत होता. त्याने सुनेला ओळखलं आणि बाजूला झाला. दोघी पांढऱ्या कमानीपासून निघाल्या. सिस्टरचे गुडघे धड नव्हते, त्यामुळे पावलं लहान पडत होती. वीस पावलांवर त्यांनी विचारलं, "इथे?" सून म्हणाली, "पुढे." साठाव्या पावलाला त्या दम खायला थांबल्या. "पुढे, आई." एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं. रेघेजवळ मुलगा आणि सासरे उभे होते, आणि त्यांच्यातला उंच कोण, ठेंगणा कोण, ते ओळखू येईनासं झालं होतं. त्या पुन्हा चालायला लागल्या. एकशे वीस. एकशे तीस.

"हे बघा," सून म्हणाली.

गवतात एक तिरकी चीर होती, बोटभर रुंद. सिस्टर सुनेच्या धडक्या हाताला धरून सावकाश खाली बसल्या. त्यांनी तर्जनी त्या चिरेत घातली. माती गार होती. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, आणि तरीही तळ लागला नाही.

त्यांनी मान वळवून पार त्या टोकाच्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं.

"तिथून?" त्यांनी विचारलं.

"तिथून," सून म्हणाली.

सिस्टर बराच वेळ उठल्या नाहीत, आणि सुनेनेही त्यांना उठवलं नाही.